पेशीला दिशा कळते म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. न्यूट्रोफिल जिवाणूच्या मागे धावतानाची जुनी क्लिप वर्गात दाखवली. संकेत आला, रिसेप्टरला चिकटला, ॲक्टिन वाढलं, पेशी पुढे सरकली असं आम्ही लिहितो आणि गुणही मिळतात. पण रिसेप्टर तर पेशीभर सगळीकडे असतात. मग ती एकाच बाजूला का पसरते? आणि रसायन तिला ओढतं की ती स्वतः ढकलते?"

शब्द नवे असतील त्यांच्यासाठी: न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंना गिळणारी रक्तातली पांढरी पेशी, रिसेप्टर म्हणजे बाहेरचा रेणू ओळखणारं पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, आणि ॲक्टिन म्हणजे पेशीच्या आत तंतू बनवणारं प्रथिन. आधी थोडक्यात उत्तर देते. रसायन पेशीला ओढत नाही. पेशी स्वतः ढकलते आणि मुख्य म्हणजे संकेत नसतानाही ती ढकलतच असते. चारी बाजूंना चाललेल्या या चाचपणीतली कुठली बाजू टिकावी आणि कुठली विरून जावी, यात थोडा पक्षपात करणं एवढंच संकेताचं काम. तुम्ही लिहिता ती सरळ साखळी चुकीची नाही, पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत: दिशा ओळखणं, पुढची आणि मागची बाजू ठरवणं, आणि प्रत्यक्ष सरकणं. प्रयोगात या तिन्ही एकमेकींपासून सुट्या करता येतात. ते एकदा पाहिलं की "एकाच बाजूला का" याचं उत्तर कुठे शोधायचं ते कळतं.

ती क्लिप बहुधा १९५०च्या दशकात वँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी टिपलेली असणार. शिक्षकांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ती दाखवली आहे. तिची अडचण एवढीच की ती फार नाट्यमय आहे. पाहणाऱ्याला वाटतं, पेशीला भक्ष्य दिसतंय आणि ती त्याच्यावर डोळा ठेवून आहे. तीच क्लिप एकदा जिवाणूकडे न बघता फक्त न्यूट्रोफिलच्या कडेकडे बघत पाहा. कड सतत बाहेर येते, आत जाते, मध्येच दुभंगते. आपल्या कामाचा सगळा मजकूर तिथे आहे.

जिवाणू आणि आपल्या पेशी हे काम एकाच पद्धतीने करत नाहीत, तेव्हा जिवाणूंचं आधी उरकून घेऊ. ई. कोलाय जेमतेम २ मायक्रॉनचा, पण सेकंदाला २०-३० मायक्रॉन पोहतो. त्याला दोन टोकांमधला फरक मोजायची गरज नाही. आकर्षक रसायन आत्ता किती आहे आणि क्षणभरापूर्वी किती होतं एवढी तुलना त्याला पुरते. १९७२ मध्ये मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी साल्मोनेला जिवाणू एकदम आकर्षक रसायनाचं प्रमाण जास्त असलेल्या द्रावणात मिसळले. मिसळल्यानंतर द्रावणात कुठेही चढउतार नव्हता, तरी जिवाणू काही काळ कोलांट्या न मारता सरळ पोहत राहिले. म्हणजे त्यांनी फरक जागेतला नाही, काळातला मोजला होता.

न्यूट्रोफिल १०-१५ मायक्रॉनचा आणि मिनिटाला साधारण १० मायक्रॉन सरकणारा. स्वतःच्या लांबीइतकं पुढे जायलाच त्याला मिनिटभर लागतं. तो मुख्यतः अंगाच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना करतो. आणि किती बारीक तुलना! सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये दोन खाचांमध्ये अरुंद पूल ठेवून एक कक्ष बनवला, एका खाचेत आकर्षक पेप्टाइड आणि दुसऱ्यात साधं द्रावण भरलं आणि पुलावरच्या न्यूट्रोफिलांची तोंडं कुठे वळतात ते मोजलं. पेशीच्या पुढच्या आणि मागच्या टोकात १ ते २ टक्के फरक असला तरी त्यांना दिशा कळत होती.

वर्गात "१-२ टक्के" हा आकडा पटकन सांगून लोक पुढे जातात. कागद-पेन घेऊन त्याच्यापाशी जरा थांबा. पेशीवर असे ५०,००० रिसेप्टर आहेत आणि त्यातले साधारण निम्मे भरलेले आहेत असं धरू. पुढच्या अर्ध्या भागात २५,०००, मागच्या अर्ध्यात २५,०००. टोकापासून टोकापर्यंत २ टक्के फरक असेल, तर दोन अर्ध्या भागांच्या सरासरीत फरक १ टक्क्याचा. रिसेप्टर निम्मे भरलेले असताना बाहेरचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं की भरलेल्या रिसेप्टरांचा वाटा पाव टक्क्याने वाढतो. म्हणजे पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा सुमारे ६० रिसेप्टर जास्त भरलेले. पन्नास हजारांत साठ! शिवाय रेणू सतत चिकटतात आणि सुटतात, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या भागातली भरलेल्यांची संख्या निव्वळ योगायोगाने ८०-एक इकडेतिकडे होत राहते. दोन भागांच्या वजाबाकीतला गोंधळ सुमारे ११०. खरा फरक ६०, गोंधळ ११०.

या क्षणाचं एकच वाचन घेऊन दिशा ठरवली, तर पेशी तीन-चार वेळांतून एकदा थेट उलटी वळेल. त्यावर उपाय म्हणजे थोडा वेळ थांबून अनेक वाचनांची सरासरी घेणं. रेणू सुटून नवे चिकटले की ते स्वतंत्र वाचन, आणि अशी दहा-बारा झाली की चूक बरीच कमी होते. बर्ग आणि पर्सेल यांनी १९७७ मध्येच पेशीच्या या मोजमापाला भौतिकीची मर्यादा किती, हे गणिताने मांडलं होतं. मला स्वतःला या विषयात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे: छद्मपाद (पेशीने बाहेर काढलेला तात्पुरता पाय) बाहेर येऊन टिकायला किंवा विरायला जे अर्धं-एक मिनिट लागतं, तो पेशीचा आळस नाही, मोजायला लागणारा वेळ आहे.

आता तुमचा मूळ मुद्दा. रिसेप्टर सगळीकडे असतात, हे अगदी बरोबर. डिक्टिओस्टेलियम नावाची मातीतली अमीबासारखी पेशी आहे. उपाशी राहिली की ती सायक्लिक एएमपी या रसायनाच्या दिशेने सरकते. तिच्या सायक्लिक एएमपीच्या रिसेप्टरला जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचं शेपूट जोडून १९९७ मध्ये पीटर डेव्हरोट्स यांच्या गटाने पाहिलं, तर पेशी एका दिशेने धावत असतानाही रिसेप्टर कडेभर सारखेच पसरलेले होते. पुढच्या वर्षी त्याच गटाने आतल्या बाजूचं एक प्रथिन पाहिलं. पेशीच्या पटलातल्या (बाहेरच्या पातळ आवरणातल्या) पीआयपी-३ या लिपिडला चिकटणारा भाग त्याच्यात होता. हे प्रथिन मात्र फक्त संकेताच्या बाजूला चंद्रकोरीसारखं गोळा झालं. बाहेरचा उतार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रमाणात पडणारा फरक, १-२ टक्क्यांचा, आतला उतार जवळजवळ "आहे किंवा नाही" असा. रिसेप्टर आणि ही चंद्रकोर यांच्या मध्ये कुठेतरी फरक अनेक पटींनी मोठा केला जातो.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. लॅट्रन्क्युलिन हे औषध ॲक्टिनचे तंतू बनूच देत नाही. ते दिलं की पेशी गोल होऊन जागच्या जागी बसते, ना छद्मपाद ना हालचाल. अशा गोल गरगरीत पेशीजवळ सायक्लिक एएमपीने भरलेली काचेची बारीक सुई आणली, तर चंद्रकोर बरोबर सुईच्या बाजूला उमटते. सुई दुसरीकडे नेली की चंद्रकोरही तिकडे जाते. हलता येत नाही, पण दिशा कळते. उलट प्रयोगही आहे. न्यूट्रोफिलांवर आकर्षक पेप्टाइड सगळीकडून सारखंच ओता. दिशा सांगणारं काहीच नाही, तरी प्रत्येक पेशी कुठलीतरी एक बाजू "पुढची" ठरवते आणि चालू पडते, प्रत्येक आपापल्या दिशेला. हालचाल आहे, तोंड आणि शेपूट आहे, पण दिशेची माहिती नाही. सुट्या करता येतात म्हणाले ते असं.

फरक मोठा कसा होतो, याचं पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण म्हणजे जवळच्या जवळ चेतवणं आणि पेशीभर आवर घालणं. रिसेप्टर भरला की त्याच जागी पटकन उत्तेजन मिळतं, आणि शिवाय हळू वाढणारा, सगळीकडे पसरणारा एक आवर तयार होतो. पुढे उत्तेजन आवरापेक्षा थोडं जास्त, मागे थोडं कमी. सरासरी आपोआप वजा होते आणि उरतो तो फक्त फरक. सगळीकडून सारखं ओतलं की पेशीभरचं उत्तेजन क्षणभर उसळतं आणि मग ओसरतं (वर सांगितलेली चाल मात्र चालू राहते), हेही यातून समजतं. न्यूट्रोफिलाच्या बाबतीत या आवराचा एक मोठा भाग कुठलाही रेणू नसून पटलाचा ताण असावा, असा पुरावा ओरायन वायनर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दिला. पुढची कड बाहेर आली की सगळं पटल ताणलं जातं आणि दुसरीकडे कड निघणं अवघड होतं. ताण पेशीभर जवळजवळ तत्काळ पोचतो. पेशीद्रवातल्या प्रथिनाला डिफ्यूजनने १० मायक्रॉन जायला काही सेकंद लागतात. पेशीला एकच तोंड का असतं याचं हे उत्तर मला रेणूंच्या लांबलचक नकाशांपेक्षा जास्त पटतं.

एक सावधगिरी. वर पीआयपी-३ आलं म्हणून "पीआयपी-३ म्हणजे पेशीचं होकायंत्र" असं लिहू नका. २००० नंतर काही वर्षं सगळे तसंच म्हणत होते: पुढे ते बनवणारं पीआय-३-कायनेज, मागे ते मोडणारं पीटेन, झालं काम. मग २००७ मध्ये होलर आणि रॉबर्ट के यांनी डिक्टिओस्टेलियममधली पाचही पीआय-३-कायनेज आणि वर पीटेनही काढून टाकलं, तरी पेशी सायक्लिक एएमपीकडे व्यवस्थित गेल्या. चंद्रकोर ही दिशा कळल्याची खूण आहे, पण दिशा कळण्याचा तो एकमेव मार्ग नाही. एकमेकांना समांतर असे अनेक मार्ग आहेत, आणि बहुतेक सगळे रास आणि रॅक या छोट्या जी-प्रथिनांपाशी (पेशीतल्या चालू-बंद होणाऱ्या रेणू-स्विचांपाशी) येऊन मिळतात. कुठल्याही एका रेणूला सगळं श्रेय देणारं उत्तर वाचलं की मी आधी त्याचं साल बघते.

आता ढकलण्याकडे येऊ. ॲक्टिनचा तंतू ७ नॅनोमीटर जाडीचा. टोकाला एक रेणू जोडला गेला की तंतू २.७ नॅनोमीटरने वाढतो. कड मिनिटाला १० मायक्रॉन पुढे जायची, तर प्रत्येक तंतूच्या टोकाला सेकंदाला साठेक रेणू जोडले गेले पाहिजेत. पण तंतूचं टोक पटलाला टेकलेलं असताना मध्ये रेणू शिरणार कसा? पेस्किन, ओडेल आणि ऑस्टर यांनी १९९३ मध्ये याचं उत्तर मांडलं, आणि मोगिलनर व ऑस्टर यांनी १९९६ मध्ये ते सुधारलं. उष्णतेमुळे तंतू आणि पटल दोन्ही सतत थरथरत असतात. एखाद्या क्षणी दोघांमध्ये रेणूएवढी फट पडते, रेणू तिथे बसतो आणि पटलाला परत मागे यायला जागा उरत नाही. बस, एवढंच. कुणी मुद्दाम जोर लावत नाही. थरथर दोन्ही दिशांना असते, पण मागे जायचा रस्ता बंद होत जातो. एका तंतूचा जोर काही पिकोन्यूटन, म्हणून शेकडो तंतू शेजारी शेजारी लागतात.

इथे मायोसिन (स्नायूंत ॲक्टिनच्या तंतूंना ओढणारं प्रथिन) कुठे आहे, असा प्रश्न स्नायूंवरून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पडतो. ढकलायला मायोसिन लागतच नाही. लिस्टेरिया हा जिवाणू आपल्या पेशीत शिरला की मागे ॲक्टिनचं शेपूट उगवून आत फिरतो. १९९९ मध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने शुद्ध केलेली मोजकी प्रथिनं नळीत एकत्र करून लिस्टेरियाला तिथेही फिरवून दाखवलं, आणि त्या मिश्रणात मायोसिन नव्हतं. डिक्टिओस्टेलियममधून मायोसिन-२ काढून टाकलं, तरी पेशी सरकते. वेडीवाकडी आणि हळू, पण सरकते.

तंतूंची रचना कशी होते यावर बाहेर काय निघेल ते ठरतं. रॅक चेतलं की वेव्ह नावाचा प्रथिनसंच आणि त्याच्याकरवी आर्प २/३ संच कामाला लागतो. तो आधीच्या तंतूच्या अंगावर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. फांद्यांवर फांद्या येऊन दाट, चपटी झालर तयार होते, ते लॅमेलिपोडियम. त्याची जाडी ०.१ ते ०.२ मायक्रॉन, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपमध्ये जेमतेम कळणारी. रॅकच्याच कुळातलं सीडीसी-४२ आणि फॉर्मिन वर्गातली प्रथिनं सरळ, न फुटणारे तंतू लांबवतात. फॅसिन त्यांची मोळी बांधतं आणि बारीक बोटासारखं फिलोपोडियम निघतं. त्याच कुळातलं रो मागच्या बाजूला मायोसिन चेतवून आकुंचन घडवतं. ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी १९९२ मध्ये रॅक आणि रोचं, आणि हॉल यांच्याच प्रयोगशाळेने १९९५ मध्ये सीडीसी-४२चं काम असं वेगवेगळं करून दाखवलं. ही वाटणी शिकायला सोपी म्हणून पाठ होते, पण पेशीत कडेच्या दोन-तीन मायक्रॉनमध्ये तिन्ही एकाच वेळी, काही सेकंदांच्या अंतराने चालू-बंद होताना दिसतात.

तंतू कडेला वाढला म्हणजे पेशी पुढे गेली असंही नाही. पटल उलटा दाब देतं, आणि तंतूंचं अख्खं जाळंच मागे घसरायला लागतं. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या स्कूटरचं चाक जसं जागच्या जागी फिरतं, तशी अवस्था. जाळं इंटेग्रिन या पटलातल्या पकड घेणाऱ्या प्रथिनांमार्फत खालच्या पृष्ठभागाला पकडलं गेलं तरच त्याच वाढीचं रूपांतर पुढच्या हालचालीत होतं. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८८ मध्ये ही क्लचची कल्पना मांडली. पकड फार घट्ट असेल तर मागची बाजू सुटत नाही. फायब्रोब्लास्ट (त्वचेखालच्या जोडऊतीतली पेशी) मिनिटाला एक मायक्रॉनही धड जात नाही, तो त्यामुळे. दाट ऊतींत, जिथे चारी बाजूंनी आधार असतो, तिथे काही पेशींना पकडीची गरज उरत नाही. २००८ मध्ये इंटेग्रिन नसलेल्या डेन्ड्रायटिक पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) त्रिमितीय जाळीत जवळजवळ तेवढ्याच वेगाने जाताना दिसल्या. पेट्री डिशच्या तळावर पाहिलेलं शरीरात जसंच्या तसं लागू करताना हे लक्षात ठेवा.

आता सगळं एकत्र आणू. आपण समजतो की संकेत आला की त्या बाजूला नवा छद्मपाद फुटतो. २००७ मध्ये अँड्र्यू आणि इन्सॉल यांनी डिक्टिओस्टेलियमचे छद्मपाद एकेक करून मोजले, तेव्हा वेगळंच दिसलं. उतार फार तीव्र नसेल तर नवे छद्मपाद बहुतेक वेळा आधीच्याच छद्मपादाचे दोन भाग होऊन निघतात, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि निघण्याच्या दिशेवर संकेताचा फारसा परिणाम नसतो. परिणाम पुढच्या टप्प्यावर होतो. दोन फांद्यांतली जी संकेताकडे जास्त वळलेली, ती टिकते आणि दुसरी मागे घेतली जाते. "पेशी एकाच बाजूला का पसरते" याचं उत्तर असं की ती पसरते अनेक बाजूंना, उरते एका बाजूला. वरच्या हिशेबाशी हे किती जुळतं पाहा. खरा फरक गोंधळापेक्षा लहान असताना "तिकडे जा" असा ठाम हुकूम देणं शक्यच नाही. दोन पर्याय बाहेर काढून त्यातला बरा राखणं शक्य आहे. संकेत फार तीव्र असेल, सुई अगदी जवळ असेल, तर मात्र थेट त्या बाजूलाही छद्मपाद फुटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि या क्षेत्रातले अनेक वाद केवळ कुणाचा उतार किती तीव्र होता यावरून झाले आहेत.

चेतापेशीचं टोक पाहिलं की ही निवड डोळ्यांना सरळ दिसते. काहाल यांनी १८९० मध्ये वाढत्या ॲक्सॉनच्या (चेतापेशीच्या लांब धाग्याच्या) टोकाचं वर्णन केलं, ते कोंबडीच्या गर्भाच्या स्थिर, रंगवलेल्या कापांवरून. दोन वर्षांनी, हे टोक रसायनांच्या मागे जात असावं असा अंदाजही त्यांनीच बांधला. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातला ऊतीचा तुकडा लोंबत्या थेंबात वाढवून जिवंत टोक पुढे जाताना पाहिलं. या टोकावर पाच-दहा फिलोपोडिया सतत बाहेर येत-जात असतात. नेट्रिन हे आकर्षक प्रथिन १९९४ मध्ये हाती लागलं. नेट्रिनच्या बाजूची फिलोपोडिया जास्त टिकतात आणि टोक तिकडे वळतं.

हे पाहायला तुम्हाला पुण्याबाहेर जायची गरज नाही. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत अर्नब घोष यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशींवर हेच काम चालतं. फॉर्मिन-२ हे प्रथिन फिलोपोडियाच्या टोकांना स्थिर राहायला मदत करतं, आणि ते कमी केलं तर ॲक्सॉनची वाढ आणि गर्भात वाट शोधणं दोन्ही बिघडतं, हे त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. बोटं निघणं आणि बोटं टिकणं यातला फरक इथे एका प्रथिनावर येऊन ठेपतो. जमलं तर त्यांच्याकडच्या किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्रातल्या सेमिनारला जाऊन बसा. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे कुणी परकं मानत नाही.

नेट्रिनबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण "आकर्षक" हा रसायनाचा गुणधर्म आहे असं पाठ झालेलं असतं. मिंग, पू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की चेतापेशीतलं सायक्लिक एएमपीचं काम रोखलं, तर त्याच नेट्रिनपासून टोक दूर वळतं. रसायन तेच, उतार तोच, निर्णय उलटा. आकर्षण की अपकर्षण हे पेशीच्या आतली स्थिती ठरवते.

माणसात हे बिघडलं तर काय होतं, हे बालरोगतज्ज्ञांना माहीत असतं. बीटा-२ इंटेग्रिन सदोष असलेल्या बाळाची नाळ तीन आठवडे उलटले तरी गळत नाही, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट असतात आणि जखमेत मात्र पू होत नाही. पेशी आहेत, संकेत आहे, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही, म्हणून बाहेर पडता येत नाही. २००० मध्ये रॅक-२ या जनुकातल्या एका बदलाने असंच गंभीर संसर्गांनी ग्रासलेलं बाळ नोंदवलं गेलं. तिथे पकडीपेक्षा चालच मोडली होती. वरचा क्लच आणि वरचं ढकलणं, दोन्ही असे वेगवेगळे आजार होऊन समोर येतात.

शेवटी, हे स्वतः करून पाहायचं असेल तर. न्यूट्रोफिलांच्या मागे लगेच लागू नका. ताजं रक्त, एथिक्स कमिटीची परवानगी, त्याच दिवशी काम संपवणं, आणि हाताळताना जरा चुकलं की पेशी आधीच चेतून बसतात. डिक्टिओस्टेलियम सोपं. भरल्या पोटी त्या पेशी फॉलिक ॲसिडकडे (फॉलेटकडे) जातात, कारण त्यांचं खाद्य असलेले जिवाणू ते सोडतात. पेट्री डिशमध्ये ॲगारोज या जेलीचा पातळ थर ओता, काही मिलिमीटर अंतरावर दोन खड्डे करा, एकात पेशी आणि दुसऱ्यात ०.१ मिलिमोलर फॉलेट. काही तासांत पेशी ॲगारोजच्या खालून चपट्या होऊन बाहेर पडतात आणि साध्या फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपमध्ये छद्मपाद दुभंगताना छान दिसतात. त्यांना २२ अंशांच्या आसपास तापमान हवं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळेचा एसी रात्री बंद होत असेल तर हा प्रयोग डिसेंबरात करा, वाद घालत बसू नका. टाइम-लॅप्सची सोय नसेल तर मोबाइल आयपीसला लावून दर १५ सेकंदांनी फोटो घ्या आणि फिजी या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक पेशी हाताने ट्रॅक करा. आणि कुणी स्क्रॅच ॲसे (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो कसा भरतो ते पाहायची चाचणी) करून "केमोटॅक्सिस, म्हणजे रसायनाच्या दिशेने जाणं, पाहिलं" म्हणत असेल तर सौम्यपणे विरोध करा. रिकामी जागा मिळाली म्हणून पसरणं वेगळं.

कंट्रोल कसा ठेवायचा ते नीट ठरवा. झिगमंड आणि हर्श यांनी १९७३ मध्येच सांगितलं आहे की आकर्षक रसायन दोन्ही बाजूंना सारखं ठेवूनही पाहिलं पाहिजे, म्हणजे नुसता वेग वाढला की खरोखर दिशा मिळाली ते कळतं. तुम्ही तेच करायला जाल, अख्ख्या ॲगारोजमध्ये सारखं फॉलेट मिसळाल आणि पेशी तरीही शिस्तीत एका दिशेने बाहेर निघालेल्या पाहून चक्रावाल. घाबरू नका, तुमचा कंट्रोल फसलेला नाही. या पेशी फॉलेट मोडणारं एन्झाइम बाहेर सोडतात. गर्दी असते तिथलं फॉलेट संपतं, बाहेरचं शिल्लक राहतं, आणि उतार त्यांचा त्यांनीच तयार केलेला असतो. इन्सॉल यांच्या गटाने याच तत्त्वावर पेशींना चक्रव्यूहातून वाट काढायला लावली आणि ते काम २०२० मध्ये छापून आलं. पेशी दोन फाटे फुटतात तिथे दोन्हीकडचं रसायन संपवू लागतात. बंद गल्लीतलं आधी संपतं, उघड्या वाटेतलं मागून येत राहतं. तेव्हा सारखं फॉलेट असलेली एक डिश भरपूर पेशींची आणि दुसरी अगदी मोजक्या पेशींची, अशा दोन ठेवा. मोजक्या पेशींच्या डिशमध्ये उतार तयार व्हायला पेशीच कमी पडतात, त्यामुळे त्या इकडेतिकडे भटकतात आणि तोच तुमचा खरा कंट्रोल.